काम असलं की सांग

बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस माहेरी काढून मी वाघोलीला परत निघाले, त्या सकाळी कॅबवाल्याने दहा मिनिटांत चार फोन केले. बुधवार पेठेतल्या आमच्या गल्लीत चारचाकी शिरत नाही, आणि शिरलीच तर निघत नाही. त्यामुळे सगळं सामान हातोहात गल्लीच्या तोंडापर्यंत न्यावं लागलं. अम्मीने पाच पिशव्या भरल्या होत्या. डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी, ओव्याची पुरचुंडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला लोबान आणि तो जाळायचं मातीचं धुपाटणं. वाघोलीत काय मिळतं आणि काय मिळत नाही याबद्दल अम्मीचं मत ठाम आहे. तिच्या मते तिथं काहीच मिळत नाही.

आमचं घर वर, दोन खोल्यांचं, आणि खाली अब्बांचं रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. अब्बा दुकानाच्या पायरीवर उभे होते. इनाया माझ्या खांद्यावर झोपली होती. ते वाकून तिच्याकडे बघत राहिले, हात पाठीमागे बांधलेले.

"नाक माझ्यावर गेलंय हिचं," ते म्हणाले. "धूळ सोसायची नाही हिला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काम असलं की सांग. येतो."

एवढंच. चाळीस दिवसांत त्यांनी नातीला एकदाही उचलून घेतलं नव्हतं. मला वाटलं होतं, निदान निघताना तरी घेतील. कॅब सुटली तेव्हा मी मागे वळून बघितलं. ते गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते आणि तसेच, हात मागे, उभे होते. येरवडा येईपर्यंत मी रडत होते, आणि माझा नवरा आसिफ शहाण्यासारखा रस्त्याकडे बघत होता.

हे मी गल्लीत राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या पांगलेल्यांसाठीही. स्थलांतर हा शब्द वापरायला थोडी लाज वाटते. बुधवार पेठ ते वाघोली म्हणजे सोळाएक किलोमीटर. लोक साता समुद्रापलीकडे जातात आणि एवढा गळा काढत नाहीत. पण पेठेत जन्मलेल्याला विचारा. आमच्यासाठी शहर पुलापाशी संपतं. गल्लीतले जे पांगले ते बहुतेक कोंढव्याला गेले. तिथं निदान अर्धी गल्ली पुन्हा भेटते, तेच शेजार, तीच भांडणं. आम्ही दोघं नोकरीच्या सोयीने नगर रस्त्याला लागलो. घर सोडताना समोरच्या घड्याळवाल्या चाचांनी विचारलं होतं, "तिकडून पत्र पाठवणार का तार?" पेठेत माया अशीच व्यक्त होते, हे तुम्हाला सांगायला नको.

माझं बालपण वरच्या घरात कमी आणि खालच्या दुकानात जास्त गेलं. घरात आमची दखनी चालायची, दुकानात गिऱ्हाइकांशी मराठी. अब्बांशी माझं सगळं बोलणं दुकानातलं, त्यामुळे आम्ही बापलेक आजही एकमेकांशी मराठीत बोलतो आणि अम्मीला ते अजून पटलेलं नाही. आठव्या वर्षी मला सोल्डर ओढायचा पंप चालवता यायचा. सर्किटवर जुन्या सोल्डरचा जो चकचकीत ठिपका असतो, तो गरम करून वितळवायचा आणि पंपाने ओढून घ्यायचा. मी शाळेतून आले की अब्बा टाकाऊ बोर्ड माझ्यापुढे सरकवायचे आणि मी ठिपके वेचत बसायचे. कुणी बंद पडलेला टेप आणून "कुठला तरी पार्ट गेला असेल" म्हटलं, की अब्बा चष्मा कपाळावर चढवायचे. "पार्टचं नंतर. आधी धूळ बघू." बरेचसे टेप नुसता ब्रश फिरवल्यावर गायला लागायचे आणि गिऱ्हाईक जरा हिरमुसायचं.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "काम असल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहू नये." अब्बा दुरुस्तीवाल्याचा मुलगा आणि स्वतः दुरुस्तीवाले. लोकांच्या घरी जायचं ते पिशवी घेऊन, काम करायचं, पाणी प्यायचं, निघायचं. ईदला सख्ख्या बहिणीकडे गेले तरी तिचा मिक्सर बघून येतात, मग त्यांना गेल्यासारखं वाटतं. आमच्या फ्लॅटचं पझेशन मिळालं तेव्हा एकदा आले होते. सगळे बाल्कनीतून व्ह्यू बघत होते, अब्बा स्विचबोर्ड बघत होते. एक सैल सॉकेट त्यांनी आवळलं, चहा घेतला, "अर्थिंग चांगलं आहे" म्हणाले आणि दुकान उघडायचंय म्हणून तासाभरात निघाले. त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर वाघोलीत त्यांचं काम निघालं नाही. आणि मी पडले इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. काम निघालं तरी मी कशाला बोलावतेय.

मनात मात्र मी धरून बसले होते. मी लांब गेले याचा राग अब्बांनी अजून सोडलेला नाही, आणि नातीला हातात न घेणं हा त्याच रागाचा भाग आहे, असं मी स्वतःला पटवलं होतं. अम्मीला विचारलं तर ती म्हणायची, "पुरुषांना तान्ही पोरं घेता येत नाहीत." ज्या माणसाने मला काउंटरवर बसवून वाढवलं त्याच्याबद्दल हे ऐकून मला आणखीच राग यायचा.

अकराव्या मजल्यावरचं आमचं घर छान आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर आसिफ वाचेल. लिफ्ट आहे, बाग आहे, प्रत्येक गोष्टीला अ‍ॅप आहे. दुधाला, कचऱ्याला, पाहुण्यांना. पाणी टँकरने येतं आणि टँकर कुठवर आला तेही मोबाइलवर दिसतं. शेजारच्या प्लॉटवर आणखी एक टॉवर उभा राहतोय. तो तिकडे उभा राहतो आणि त्याची धूळ आमच्याकडे राहायला येते. गल्लीत मला आवाजाने झोप लागायची. खाली अब्बांनी लावून बघितलेला रेडिओ, कुणाची तरी भांडी, कुणाचा तरी खोकला. इथं शांततेने जाग येते. तिकडे दोन खोल्यांत आम्ही सहाजण ओळीने झोपायचो. एकाला सर्दी झाली की आठवड्यात ती भिंतीपर्यंत पोचायची आणि तिथून परत फिरायची. पण त्या घरात कुणी एकटं खोकत पडल्याचं मला आठवत नाही.

इनाया तीन महिन्यांची झाली आणि तिला पहिली सर्दी झाली. आसिफ त्याच आठवड्यात ऑफिसच्या कामाने चेन्नईला गेलेला. सर्दी काय, सगळ्यांना होते. पण एवढ्या लहान बाळाला तोंडाने श्वास घ्यायचं नीट जमत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही. ती दोन घोट घ्यायची, सोडायची, रडायची, आणि रडून नाक आणखी चोंदायचं. पोट भरेना म्हणून झोप लागेना. आडवी ठेवली की घरघर, उचलली की गप्प. दोन दिवसांत तिची झोप वीस-वीस मिनिटांवर आली आणि माझी त्याहून खाली.

मी काय करणार, ऑर्डर केलं. निळा दिवा लागणारं, वाफ सोडणारं ह्युमिडिफायर आलं. भिंतीत खोचायचं, निलगिरीचा वास सोडणारं यंत्र आलं. शेवटी अम्मीला व्हिडिओ कॉल केला. "नाक बंद तो नींद बंद," असं सुभाषित ऐकवून तिने उपाय सांगितला. आज जुमेरात आहे, लोबान जाळ, घरभर फिरव, बाळाजवळ जरा जास्त. दर गुरुवारी दिवेलागणीला, मगरिबच्या नमाजनंतर, आमच्या घरात लोबानाचा धूर फिरतो. नजर, आजार, डास, सगळ्यांवर तोच एक. मला तर त्या वासाचंच नाव घर आहे. मी धुपाटणं काढलं, गॅसवर कोळसा लाल केला आणि वर लोबान टाकला.

पण गल्लीतल्या घराला चारी बाजूंनी फटी होत्या. इथं धूळ येऊ नये म्हणून मी सगळ्या स्लायडिंग खिडक्या घट्ट लावून घेतलेल्या. पाच मिनिटांत समोरची भिंत दिसेनाशी झाली. इनाया आधी शिंकली, मग खोकली, मग तिचा आवाजच बसला. धुपाटणं बाल्कनीत ठेवून मी तिला घेऊन जिन्यात जाऊन बसले. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, अकराव्या मजल्यावर काही जळतंय का. त्या प्रश्नाला बऱ्याच जणांनी अंगठे दिले. वर बघायला कुणी आलं नाही.

शुक्रवार कसाबसा काढला आणि शनिवारी सकाळी डॉक्टरांकडे गेले. त्या बालरोगतज्ज्ञ बाई मोजकं बोलतात. त्यांनी छाती तपासली, ताप बघितला, घड्याळ लावून श्वास मोजले. छाती साफ होती. माझी लोबानाची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "धूर नको. कापूर नको, बाम नको, नाकात तेल नको, भिंतीतलं ते यंत्रही काढा. मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात ते घाला, मग रबरी बल्बने हलकेच ओढून घ्या. दूध पाजायच्या आधी. दिवसातून तीन-चारदा, त्याहून जास्त नाही. जागी असेल तेव्हा उभी धरा. झोपवताना मात्र पाठीवर, सपाट. उशी नको, उतार नको." ताप आला, श्वास जोरात चालायला लागला, फासळ्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा दूध घेईनाशी झाली तर लगेच आणा, हे त्यांनी दोनदा बजावलं. मी सगळं मोबाइलवर टाइप करून घेतलं. बल्ब कसा वापरायचा ते मात्र विचारलं नाही. इंजिनियरने काय विचारायचं.

घरी येऊन थेंब घातले, लगेच बल्बचं टोक नाकाशी नेलं आणि दाबला. इनाया अशी दचकून किंचाळली की माझ्या हातातून बल्ब पडला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बाहेर काही आलं नाही, उलट घरघर आणखी आत गेल्यासारखी वाटली. त्यानंतर तिने दूध घेतलंच नाही. मी दवाखान्यात फोन केला. तिथल्या मुलीने डॉक्टरांना विचारून सांगितलं, तिला धाप नाही ना, मग एकदा नाक मोकळं करून पाजून बघा. नाहीच घेतलं तर चारला घेऊन या, वाटेल तेव्हा त्याआधीही या. दुपारचे बारा वाजले होते. एवढं नाक मोकळं करायचं होतं, आणि तेवढंच मला येत नव्हतं. मी अम्मीला फोन लावला.

उचलला अब्बांनी. अम्मी फोन दुकानात विसरून शेजारी गेली होती. मला बोलायचं होतं एक आणि झालं भलतंच, रडूच फुटलं. ते थांबायची अब्बांनी वाट बघितली. मग गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं.

"कधीपासून?"

"चार दिवस झाले."

"एका बाजूने की दोन्ही?"

मी इनायाच्या नाकाशी कान नेला. "दोन्ही. डावीकडून जास्त."

"आवाज कसा येतो? घरघर की शिट्टी?"

"घरघर."

"म्हणजे वाट आहे, नुसती अडलीय." मग विचारलं, "काम आहे का?"

त्या क्षणापर्यंत माझ्यात थोडा ताठा शिल्लक होता. तो संपला. "आहे, अब्बा," मी म्हटलं. "या."

फोन ठेवायच्या आधीच मला शटर ओढल्याचा आवाज आला. शनिवारची दुपार म्हणजे आमच्या बाजाराचा भर. त्या वेळी अब्बांनी दुकान बंद केल्याचं मी जन्मात बघितलं नव्हतं.

दोन बस बदलून यायचं होतं. पावणेदोनला मोबाइल वाजला. गेटच्या अ‍ॅपवर संदेश होता, टेक्निशियन आले आहेत, आत सोडायचं का. मी कुठलाही टेक्निशियन बोलावला नव्हता. माझं बोट नकाराच्या लाल बटणावर गेलंही होतं. मग फोटो उघडून बघितला तर त्यात अब्बा, पिशवी खांद्याला, कॅमेऱ्याकडे न बघता उभे. गेटवरच्या दादांनी रजिस्टर पुढे केलं होतं, 'काम' या रकान्यात अब्बांनी 'दुरुस्ती' असं लिहिलं होतं, आणि दादांनी नियमाप्रमाणे त्यांना मागच्या सर्व्हिस लिफ्टने वर पाठवलं. माझे वडील माझ्या घरी आले ते सिमेंटची दोन पोती आणि कुणाचा तरी जुना फ्रिज यांच्या सोबतीने. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "लिफ्ट चांगली आहे. ऐसपैस."

त्यांनी आधी कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. सोल्डरच्या धुराचा वास बाळाला नको म्हणून दुकानातला शर्ट काढून पिशवीतला धुतलेला सदरा घातला. मग इनायाकडे न जाता खोलीकडे बघितलं. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. पाळणा एसीच्या खाली होता. त्यांनी स्टूल ओढलं, एसीचं झाकण उघडलं आणि आतली जाळी काढून माझ्या हातात दिली. तिची राखाडी गोधडी झाली होती. ह्युमिडिफायरच्या टाकीत बोट घातलं तर ते बुळबुळीत निघालं. पाळण्यावर टांगलेल्या लोकरी अस्वलांना त्यांनी एक थाप मारली, आणि उन्हात काय उडालं ते मला दाखवलं.

"यंत्रं इतकी आणलीस," ते म्हणाले. "धूळ बघितलीस का?"

नव्हती बघितली. जन्मभर ऐकलेलं वाक्य, आणि मी पार्ट बदलत सुटले होते. आम्ही पाळणा आतल्या खोलीत हलवला, जिथं बांधकामाची बाजू येत नाही. मी ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. अस्वलं बाहेर गेली.

मग त्यांनी बल्ब मागितला. "कसा वापरलास, दाखव."

मी हवेत करून दाखवलं. टोक नाकाशी न्यायचं, मग दाबायचं.

अब्बांनी डोळे मिटून घेतले. "आत नेऊन दाबलास?"

"हो."

"म्हणजे फुंकलंस तिच्या नाकात. चार वर्षं कॉलेजात हेच शिकवलं का?" मग त्यांचा आवाज उतरला. "पंप कसा धरायचीस? बाहेरच दाबायचा, मग ठिपक्याला लावायचा, मग सोडायचा. सुटताना ओढतो तो. आणि वितळल्याशिवाय ओढायचं नाही. थेंब घातल्यावर थांबलीस किती?"

"थांबलेच नाही."

"थांबायचं. मऊ होऊ दे."

आठव्या वर्षी जे मला झोपेतही जमायचं, ते मी तिसाव्या वर्षी स्वतःच्या मुलीच्या नाकावर विसरले होते. हसू येत होतं आणि तिला उगाच एवढा त्रास दिला याचं वाईटही वाटत होतं. मी बल्ब त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच करा, अब्बा. तुमचा हात हलका आहे."

त्यांचे हात पुन्हा पाठीमागे गेले. "तू कर."

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते," ते म्हणाले. मग त्यांनी उजवा हात पुढे आणला आणि माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता. फार नाही, पण थांबत नव्हता. "वर्ष झालं. बारीक काम सोडलंय मी. डॉक्टरने गोळी दिलीय, म्हणतो वयाचं आहे. दुकान चालतं. पण एवढीशी पोर, हातातून सुटली तर..."

अब्बा आयुष्यभर बशीतून चहा प्यायचे. माहेरच्या त्या चाळीस दिवसांत ते स्टीलच्या पेल्यातून पीत होते, दोन्ही हातांनी धरून. मी ते रोज बघत होते. पाठीमागे बांधलेले हातही रोज बघत होते. सगळं डोळ्यासमोर होतं आणि मी त्यात राग शोधत बसले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"रडायचं नंतर," अब्बा म्हणाले. "डोळे पूस, तिला घे. मी वेळ सांगतो."

मी इनायाला मांडीवर घेतलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन थेंब घातले. अब्बा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. बराच वेळ गेला असं मला वाटलं, झालं असेल एक मिनिट. "आता बाहेर दाब," ते म्हणाले. "टोक नुसतं नाकपुडीच्या तोंडाशी ने, आत खुपसू नको. हं. आता सोड. सावकाश." सुर्र असा आवाज झाला आणि चार दिवस अडलेलं सगळं बल्बमध्ये आलं. "पुसून घे. दुसरी बाजू." इनाया रडली, रडणारच. पण रडून थांबल्यावर तिने जो श्वास घेतला त्याला आवाज नव्हता. अब्बा कान लावून ऐकत होते, टेप दुरुस्त झाल्यावर ऐकायचे तसे.

मी तिला पाजायला घेतलं आणि अब्बा एसीची जाळी घेऊन मोरीत गेले. नळाचा आवाज येत राहिला. इनायाने मध्ये एकदाही न सोडता पोटभर दूध घेतलं. मी घड्याळ बघितलं, सव्वातीन झाले होते. दवाखान्यात फोन करून सांगितलं की ती प्यायली. बाईंनी सोमवारी एकदा दाखवून जा म्हटलं.

जागी आहे तोवर तिला उभी धरायची होती. अब्बा धुतलेली जाळी बाल्कनीत वाळत ठेवून आले आणि आरामखुर्चीत टेकले. मी काही न विचारता इनायाला त्यांच्या छातीवर उभी टेकवली.

"नको, नको," ते घाबरून म्हणाले. "हात..."

"हात लावूच नका. नुसतं टेकून राहा. मी धरलंय."

मी खाली बसले, एक हात तिच्या पाठीवर. अब्बांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते आणि थरथरत होते. त्यांची छाती मात्र एका लयीत वरखाली होत होती. इनायाने त्यांच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं, थोडा वेळ त्याचाच विचार केल्यासारखी बघत राहिली, आणि तिचे डोळे मिटले. अब्बा हलले नाहीत. बऱ्याच वेळाने, ओठही फारसे न हलवता, म्हणाले, "तूही अशीच झोपायचीस. तुला सर्दी झाली की अम्मी तुला खाली आणून माझ्या छातीवर टाकायची. मी एका हाताने काम करायचो. सोल्डरचा धूर वाईट, हे तेव्हा कुणाला माहीत होतं."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, माझं बालपण दुकानात सुरू झालं ते पंप हातात आल्यावर. ते त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं.

गाढ झोपल्यावर मी तिला उचलून आतल्या पाळण्यात ठेवलं, पाठीवर, सपाट, उशीशिवाय. अब्बा मागोमाग आले. पाळण्याशी उभं राहून त्यांनी एक थरथरतं बोट तिच्या तळव्याला लावलं. तिने पाय ओढून घेतला नाही. ती तशीच झोपून राहिली, सलग दोन तास.

निघताना त्यांनी दुकानातला शर्ट घातला, एसीची जाळी बसवली, पिशवी खांद्याला लावली. "अजून काही काम?"

"काम नसलं तरी येत जा, अब्बा."

"काम नसताना येऊन काय करायचं?"

"बसायचं."

"बघू," ते म्हणाले. पेठेत बघू म्हणजे नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर अम्मीला मी लोबानाचं सांगितलं. "तुला याच धुरात वाढवलं," असं म्हणून ती दोन दिवस फुगून बसली. आता गुरुवारी ती तिकडे लोबान फिरवते आणि मला व्हिडिओ कॉलवर दाखवते. वास काही येत नाही. मी तरी एकदा खोल श्वास घेते, सवयीने. इतकी वर्षं मी मानत होते की माझं घर त्या वासात आहे, त्या गल्लीत आहे, आणि वाघोलीला नुसता माझा पत्ता आहे. आता तसं राहिलेलं नाही. बाहेरच्या खोलीत जिथं ती आरामखुर्ची आहे, तिथून मी ती हलवू देत नाही. आसिफने दोनदा विचारून बघितलं.

गेल्या रविवारी दुपारी इंटरकॉम वाजला. गेटवरचे दादा होते, इथलेच, जवळच्या गावचे.

"मॅडम, येक काका आल्यात. मागं दुरुस्तीला आल्ते, तेच. पर आज हातात पिशवी न्हाई." ते जरा घुटमळले. "काय काम हाय इचारलं, तर म्हनत्यात, काय काम न्हाई. रजिस्टरला काय लिहू?"

"काही लिहू नका, दादा," मी म्हटलं. "पुढच्या लिफ्टने सोडा. घरचेच आहेत."